गोधडीसाठी पट्ट्या कापायचं विजेचं यंत्र घ्यावं का?

सुईदोरा | २ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही चौघी मिळून गोधड्या शिवतो. आजवर बाळांची दुपटी, अधूनमधून एखादी मोठी गोधडी, एवढंच चालायचं. यंदा मात्र एका कृषी पर्यटनवाल्यांनी दिवाळीच्या आधी २४ सिंगल गोधड्या सांगितल्या आहेत. माप ६० बाय ९० इंच. वरचा थर नव्या सुती कापडाच्या आडव्या पट्ट्यांचा, आत जुनी सुती साडी, खाली मांजरपाट. टाके हाताने, धावदोराच. त्यात तडजोड नाही.

पट्टी अडीच इंच कापायची, दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातं, म्हणजे दिसायला दोन इंच. ९० इंचाला ४५ ओळी. ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडातून आडवी पट्टी काढली तर ती ६० इंचाला पुरत नाही, जोड द्यावा लागतो. सगळं धरून एका गोधडीला ६८ पट्ट्या. चोवीस गोधड्यांना १६३२.

माझ्याकडे ४५ मिलिमीटरचं रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याची सुरी, कापताना खाली ठेवायची हिरवी चटई आणि लांब मोजपट्टी आहे. दोन गोधड्यांचं कापून झालं आणि उजव्या मनगटाने संप पुकारला. डॉक्टरांनी पट्टा बांधायला दिलाय आणि महिनाभर कटर हातात धरायचं नाही म्हणून दम दिलाय.

आता व्हिडिओत विजेवर चालणारी पट्ट्या कापायची यंत्रं बघतेय. कापड एका बाजूने घातलं की दुसऱ्या बाजूने पट्ट्या बाहेर! बघताना फार गोड वाटतं. प्रत्यक्ष कुणी वापरलंय का? भाची अमेरिकेतून सप्टेंबरमध्ये येणार आहे, ती आणू शकेल. घेऊ का?

टवाळ | २ जुलै, रात्री ९.५२

धाग्यांविषयीचा धागा. रुमाल टाकून ठेवतो.

परदेशी_पाहुणी | २ जुलै, रात्री ११.१५

सुईदोराताई, मी न्यू जर्सीत असते, इथल्या क्विल्टवाल्या बायकांच्या गटात दहा वर्षं आहे. तुम्ही व्हिडिओत बघताय ती 'विजेची यंत्रं' एका जातीची नाहीत, तिथेच घोळ होतो.

पहिली जात टेबलावर ठेवायच्या छोट्या यंत्राची. आत एक गोल पातं फिरतं, शेजारी रुंदीचा आडोसा. कापडाची कड त्या आडोशाला लावून आत सरकवायची, यंत्र ती ओढत नेतं आणि कापतं. मी हे वापरलंय. सतरंजीसाठी चिंध्या काढायला, विणायला पट्ट्या काढायला झकास. गोधडीच्या पट्टीला मात्र माझा अनुभव वाईट. कापडाची कड एकदा आडोशापासून दोरा-दोरा सुटायला लागली की पुढचं सगळं तिरकं. आणि पहिली कडच वाकडी असेल तर यंत्र तोच वाकडेपणा इमानाने पुढच्या पट्टीला देतं. दोन पदर घातले तर वरचा एकीकडे, खालचा दुसरीकडे.

दुसरी जात रोलरची. फोममध्ये पोलादी पाती बसवलेला एक जाड पाट असतो, त्याला डाय म्हणतात. त्यावर कापडाच्या घड्या, वर प्लास्टिकची चटई, आणि हे सगळं सँडविच दोन रोलरच्या मधून दाबून काढायचं. नेब्रास्कातल्या ओमाहाची ॲक्युक्विल्ट ही त्यातली नावाजलेली कंपनी. हाताने फिरवायची असतात तशी मोटरवरचीही असतात. सुती कापडाचे सहा पदर एका दमात कापले जातात आणि पट्ट्या खरंच एकसारख्या निघतात. माझ्याकडे आता हेच आहे. पण यंत्र जड, डाय प्रत्येक मापाचा वेगळा विकत घ्यायचा, आणि डायच्या लांबीपेक्षा लांब कापड घड्या घालूनच बसवावं लागतं. घडी जरा तिरकी पडली की पट्टी घडीपाशी कोयत्यासारखी वाकते.

तिसरी जात संगणकावरची, क्रिकट मेकरसारखी. पानंफुलं कापून वर शिवायची असतील तर घ्या. पट्ट्यांसाठी नको. तिची चटई एक फूट रुंद.

वाकळ | ३ जुलै, सकाळी ७.०५

अडीच इंच, पाव इंच, डाय, फोम... अहो, आपण गोधडी शिवतोय ना? माझ्या आजीकडे फुटपट्टीसुद्धा नव्हती. जुनं लुगडं घ्यायचं, काठाला कात्रीने खाच मारायची आणि टर्रकन फाडायचं. कापड आपणहून दोऱ्यात सरळ फाटतं. त्याच्याइतकी सरळ पट्टी जगातलं कुठलंही यंत्र देत नाही, कारण कापडाचा धागा कापडालाच ठाऊक.

सुईदोरा | ३ जुलै, सकाळी ८.३०

वाकळताई, पटतंय. पण गिऱ्हाईकाला वरचा थर नव्या कापडाचा, ठरावीक रंगांत हवाय. नवं पॉपलीन फाडून बघितलं. कड पिळवटते, दोन-तीन धागे आत ओढले जातात, इस्त्री करूनही शिवताना पाव इंच नेमकं मिळत नाही.

वाकळ | ३ जुलै, सकाळी ८.४१

नव्या कापडात खळ असते म्हणून. धुऊन फाडा. आणि पाव इंचाचा एवढा सोस कशाला?

त्रैराशिक | ३ जुलै, सकाळी १०.२०

सोस कशाला ते सांगतो. प्रत्येक पट्टी इंचाच्या सोळाव्या भागाने कमी कापली गेली, तर ४५ ओळींत गोधडी जवळजवळ पावणेतीन इंचांनी आखूड होते.

आता गंमत बघा. हाताने कापताना माणूस कधी जरा जास्त कापतो, कधी जरा कमी. चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. यंत्राचा आडोसा चुकीच्या जागी बसला असेल तर ती चूक हजार पट्ट्यांत एकाच दिशेने होते. यंत्र घेतलं तरी पहिल्या दहा पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून २५ इंच भरतात का ते मोजा. एक-एक पट्टी मोजून काही कळणार नाही.

फ्यूजवायर | ३ जुलै, दुपारी १.१०

भाचीकडून यंत्र मागवायच्या आधी हे वाचा. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. यंत्राच्या बुडाशी किंवा ॲडॉप्टरवर चिठ्ठी असते. '१००–२४० व्होल्ट' असं लिहिलं असेल तर नुसती पिन बदलून चालेल. फक्त '१२० व्होल्ट' असेल आणि तुम्ही थेट भिंतीत खुपसलंत तर पहिल्या मिनिटात धूर. मेव्हण्याने आणलेल्या मिक्सरवर हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. घरात तीन दिवस वास होता आणि बहिणीचा अबोला तीन आठवडे.

स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावता येतो. यंत्राच्या वॅटपेक्षा चांगला मोठा घ्या, काठावरचा नको. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. आत कार्बन ब्रशची मोटर असेल तर तिला त्याचं सोयरसुतक नाही. इंडक्शन मोटर असेल तर ती पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि जास्त तापते. सोळाशे पट्ट्या सलग कापणार असाल तर हे आधी बघा.

आणि वॉरंटी समुद्र ओलांडत नाही.

परदेशी_पाहुणी | ३ जुलै, संध्याकाळी ६.३०

वॉरंटीचं अगदी खरं. डायसुद्धा इथूनच मागवावे लागतील आणि वरची चटई झिजते, तीही बदलावी लागते. सुईदोराताई, सप्टेंबरमध्ये यंत्र येणार, दिवाळीला माल द्यायचा. शिकायला तुम्हाला किती दिवस मिळणार?

कटिंगमास्तर | ३ जुलै, रात्री १०.०५

ताई, मी सोलापूरचा. शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात २२ वर्षं कटिंग करतोय. तुमचा हिशोब वाचला आणि जरा हसू आलं, रागावू नका. १६३२ पट्ट्या म्हणजे आमच्याकडे एका सकाळचं काम. अमेरिकेहून कशाला आणता?

आमच्याकडे हातात धरायचं राउंड नाइफ असतं. चार इंची पातं, काहींचं आठ कोपऱ्यांचं, वर धार लावायचा दगड असतो, बटण दाबलं की चालू यंत्रावरच धार लागते. खाली चपटी जीभ असते, ती कापडाच्या खाली सरकवायची आणि ढकलत जायचं. पॉपलीनचे वीस पदर हसत-हसत कापतं. टेबलावर कापड अंथरायचं, पदर एकावर एक, एक बाजू काटेकोर जुळवायची. वरच्या पदरावर खडूने रेघा. झालं.

पण तुमच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. एक, याला मोजपट्टीचा आधार नसतो, रेघेवर हात स्थिर लागतो. आधी चिंध्यांवर आठवडाभर हात बसवायचा. दोन, पातं सरळ उभं धरलं नाही तर वरची पट्टी अडीच आणि खालची पावणेतीन. तीन, डाव्या हातात स्टीलच्या जाळीचा मोजा घातल्याशिवाय बटण दाबायचं नाही. माझ्या डाव्या तर्जनीला नख नाही, ते कसं गेलं ते विचारू नका. तेव्हा मोजा खुंटीला टांगलेला होता. आणि तोंडाला फडकं बांधा, सुती कापडाची धूळ फार.

मनगट दुखतंय म्हणताय. राउंड नाइफ दीड-दोन किलोचं असतं हे पण ध्यानात घ्या.

सुईदोरा | ४ जुलै, सकाळी ९.१५

मास्तर, तर्जनीचं वाचून यंत्रं बघायचा उत्साह निम्मा झाला. आणि दोन किलो ढकलायचं म्हटलं तर डॉक्टर मला दारातूनच परत पाठवतील.

बेळगावकर | ४ जुलै, सकाळी ११.००

वाचतेय. आमच्याकडे हिला कौदी म्हणतात. सासूबाई कडेपासून सुरू करून गोल-गोल आत टाके घालत जातात, मध्यभागी संपवतात. पट्ट्यांचं त्यांना काहीच पडलेलं नाही, मिळेल तो तुकडा मिळेल तिथे. बाकी चालू द्या.

कटिंगमास्तर | ४ जुलै, रात्री ९.३०

ताई, काल एक सांगायचं राहिलं, आणि तेच खरं सांगायचं होतं. पाइपिंगच्या पट्ट्या आम्ही टेबलावर कापतच नाही. गणवेशाच्या कॉलरला, खिशाला वेगळ्या रंगाची पट्टी लागते ना, ती शेकडो मीटर लागते. त्याला पट्टी कापायचं मोठं यंत्र असतं. कापडाचा तागा पुठ्ठ्याच्या नळीवर घट्ट गुंडाळायचा, ती नळी यंत्राच्या दांड्यावर बसवायची. रोल फिरतो, बाजूने गोल पातं येतं आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा रोलच्या चकत्या पडतात. प्रत्येक चकती म्हणजे गुंडाळलेली एक लांब पट्टी. अडीच इंच म्हणा, दीड इंच म्हणा, काट्यावर माप लावायचं.

यंत्र विकत घ्यायचं नसतं, जॉबवर्क करून देणारे असतात. तुम्ही सांगलीच्या म्हणजे इचलकरंजी शेजारीच. तिथे यंत्रमाग आहेत, कापडाची सगळी कामं करणारे आहेत. माझ्या ओळखीचा एक आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

टवाळ | ४ जुलै, रात्री ९.३५

काकडीच्या चकत्या! हा धागा आता पाककृती विभागात हलवावा का?

परदेशी_पाहुणी | ४ जुलै, रात्री ११.५०

मास्तर, तुम्ही जे सांगितलंत त्याचा मोठा फायदा माझ्या आत्ता लक्षात आला. रोलची चकती म्हणजे पट्टी उभ्या धाग्यात निघते, ताण्याच्या दिशेने. इथे दुकानात अडीच इंची पट्ट्यांचे तयार गठ्ठे मिळतात, मोडा कंपनीने त्यांना 'जेली रोल' नाव दिलं आणि तेच रूढ झालं. साधारण ४० पट्ट्या असतात, सगळ्या आडव्या, किनारीपासून किनारीपर्यंत. आडवी पट्टी शिवताना ताणली जाते. लांब पट्ट्या एकमेकींना जोडत गेलं की गोधडीच्या कडा झालरीसारख्या लाटा घेतात. माझ्या पहिल्या तीन क्विल्ट तशाच झाल्या, अजून कुत्र्याच्या गादीवर आहेत. उभ्या धाग्याची पट्टी जवळजवळ ताणतच नाही.

शिवाय जोड देत बसायला नको! पट्टी हवी तेवढी लांब.

सुईदोरा | ५ जुलै, सकाळी ७.४५

रात्रभर झोप नाही. त्रैराशिक, कुठे आहात? मी १२ रंग धरले होते. कापड किती घेऊ? नळीवर प्रत्येक रंग वेगळा गुंडाळायचा आहे.

त्रैराशिक | ५ जुलै, सकाळी ११.३०

हजर आहे.

एक ओळ म्हणजे ६० इंच अधिक शिवणीचा अर्धा इंच, साडेसाठ. एकूण ओळी २४ गुणिले ४५, म्हणजे १०८०.

पट्टीच्या लांबीत पूर्ण ओळी बसल्या पाहिजेत, नाहीतर प्रत्येक चकतीच्या शेवटी तुकडा उरतो. साडेआठ मीटर घेतलंत तर पाच ओळी बसून ३२ इंच लोंबकळत राहणार. सहा ओळींना ३६३ इंच, म्हणजे सव्वानऊ मीटर लागतात. साडेनऊ मीटर घ्या.

४४ इंच पन्ह्यातून दोन्ही किनारी सोडून अडीच इंचाच्या १७ पट्ट्या निघतात. १७ गुणिले ६ म्हणजे एका रंगातून १०२ ओळी. तुम्हाला ११ रंग पुरे. ११२२ ओळी निघतील, ४२ शिल्लक. बारावा रंग कापून टाका.

कटिंगमास्तर | ५ जुलै, दुपारी २.१०

हिशोब बरोबर, पण भाऊ कापड धुणार की नाही ते विचारलंच नाही. सुती कापड शंभराला तीन-चार तरी आत जातं. लांबीतही आणि पन्ह्यातही.

परदेशी_पाहुणी | ५ जुलै, संध्याकाळी ७.००

इथे तयार पट्ट्या कुणी धुवत नाही. सगळी क्विल्ट शिवून मग धुतात, त्या सुरकुत्याच आवडतात लोकांना.

वाकळ | ५ जुलै, संध्याकाळी ७.२०

आपल्याकडचा लाल रंग एकदा पांढऱ्यावर उतरू दे, मग कळेल सुरकुत्या आवडतात की नाही. आत जुनी साडी आहे. ती वीस वर्षं धुऊन जेवढी आटायची तेवढी आटलेली. वरचं नवं कापड नंतर आटलं तर खालचे थर फुगतील. धुवा. मुकाट्याने धुवा.

सुईदोरा | ५ जुलै, रात्री ९.००

वाकळताईंचं पटलं. धुणार. पण ताई, सांगलीत जुलैत ११० मीटर कापड वाळवायचं कुठे?

बेळगावकर | ५ जुलै, रात्री ९.०८

मंगल कार्यालय बघा. लग्नाचे मुहूर्त संपलेत, हॉल रिकामे, वर पंखे.

त्रैराशिक | ५ जुलै, रात्री १०.४०

धुणार असाल तर नवा हिशोब. रंगामागे १० मीटर घ्या, आटून साडेनऊच्या वर राहील, सहा ओळी सुखाने. पन्हा मात्र ४४ चा साडेबेचाळीसपर्यंत येईल. किनारी सोडल्या की १७ बसत नाहीत, १६ च. ११ रंग, १६ पट्ट्या, ६ ओळी: १०५६. चोवीस ओळी कमी पडतात. गोधडीमागे बरोबर एक.

बारावा रंग घ्या, किंवा गोधडी दोन इंच आखूड करा. निर्णय तुमचा.

कटिंगमास्तर | ६ जुलै, सकाळी ८.००

गुंडाळायचं कसं ते लिहून ठेवतो. सगळा खेळ तिथे आहे. धुतल्यावर हलकी खळ द्या, ओलसर असताना इस्त्री. इस्त्री दाबायची, ओढायची नाही. नळीवर गुंडाळताना किनार किनारीवर बसली पाहिजे आणि ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. सैल राहिलं की पात्याच्या दाबाने कापड सरकतं आणि चकतीची पट्टी लाटेसारखी निघते. तिरकं गुंडाळलं तर सरळ कापूनही पट्टी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, निघणार, मग शिवताना ताणेल. दोन बायकांनी कापड धरा, एकीने नळी फिरवा.

आणि कापड शुद्ध सुतीच घ्या. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असतं, पातं तापून कडा वितळतात, पदर एकमेकांना चिकटतात. मग चाकूने सोडवत बसा.

सुईदोरा | २१ जुलै, रात्री ८.५०

मंडळी, वृत्तांत.

कापड घेतलं, ११ रंग, दहा-दहा मीटर. मंगल कार्यालयाची कल्पना फळली. मालकीणबाई ओळखीच्या निघाल्या, भाडं म्हणून दोन दुपटी ठरली. तीन दिवस हॉलमध्ये दोऱ्या बांधून कापड. लाल रंगाने अपेक्षेप्रमाणे रंग दाखवलेच, चार पाण्यांतून काढला. वाकळताई, साष्टांग नमस्कार.

गुंडाळायला आम्ही चौघी आणि एकीचा नातू. पहिल्या दोन नळ्या सोडून पुन्हा गुंडाळल्या. किनार दर मीटरला थोडी-थोडी सरकत होती, शेवटी नळीच्या टोकाशी इंचभर पायरी झाली. मग नातवाने युक्ती काढली. जेवणाच्या टेबलाच्या कडेला पुठ्ठ्याचा कोन चिकटवला, किनार त्याला घासत न्यायची. पुढच्या नऊ नळ्या सरळ. हे यंत्राच्या आडोशासारखंच झालं म्हणा, फरक एवढाच की आडोशाकडे बघायला चार जोडी डोळे होते.

इचलकरंजीला एसटीने गेलो, रोल पोत्यात बांधून. मास्तरांनी सांगितलेल्या गृहस्थांनी आधी नाक मुरडलं. त्यांना दोनशे-तीनशे मीटरचे जाड रोल कापायची सवय, आमचे हे पोळपाटाच्या लाटण्याएवढे. अकरा वेळा दांड्यावर चढवायचं, उतरवायचं. मास्तरांचं नाव घेतल्यावर तयार झाले. दर व्यनितून विचारा, इथे लिहीत नाही.

आणि मग ते यंत्र. रोल फिरायला लागतो, पातं खर्रर्र करत शिरतं, आणि चकती बाजूला पडते. कापडाची चकती, गाठोड्याच्या आकाराची नाही, चक्क पुरीएवढी गोल, कडा लोण्यासारख्या. एका रंगाला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. रोल चढवण्यातच जास्त वेळ. मी पहिल्या चकतीची पट्टी सोडून मोजली. साडेनऊ मीटर, एकसंध, अडीच इंच. दहा चकत्या एकावर एक ठेवल्या: पंचवीस इंच आणि वर दोऱ्याइतकं. त्रैराशिक, तुमचा उपाय तिथेच केला, ते गृहस्थ बघत राहिले.

पिवळ्याची शेवटची चकती तेवढी बिघडली. पिवळा आमचा पहिला गुंडाळलेला रोल होता, पुन्हा गुंडाळताना शेवटी हात सैल पडला असणार. पट्टी सापासारखी निघाली. म्हणजे सहा ओळी गेल्या.

त्रैराशिक | २१ जुलै, रात्री ९.०५

१०५० उरल्या. ३० कमी. बारावा रंग घेतला नव्हतात ना?

टवाळ | २१ जुलै, रात्री ९.०७

साप-पट्टीची गोधडी मी घेतो. अर्ध्या किमतीत.

फ्यूजवायर | २१ जुलै, रात्री ९.३०

भाचीला काय कळवलंत मग?

सुईदोरा | २१ जुलै, रात्री १०.१०

भाचीला कळवलं, यंत्र नको, बदाम आण.

पुढेमागे एक-दोन गोधड्यांसाठी असा रोल घेऊन जाता येणार नाही हे कळतंय. तेव्हा चटई आणि रोटरी कटरच. मनगट बरं झालं की ६० मिलिमीटरचं पातं घेईन, कमी दाब लागतो म्हणतात. आणि यापुढे कापायला स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहणार. आजवर खाली बसून कापत होते, दुखणं निम्मं त्यानेच असावं.

परदेशी_पाहुणी | २२ जुलै, पहाटे ४.१५

ओटा उत्तम. आणि पातं वेळेवर बदला. धार गेली की आपण नकळत दाब वाढवतो. टाचणीवरून एकदा गेलं तरी पात्याला खाच पडते, मग दर फेरीत एक-एक दोरा न कापता सोडतं. ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये हे कटर आणलं तेव्हापासून इकडच्या बायकांच्या हातात कात्रीपेक्षा तेच जास्त असतं, आणि मनगटाचे पट्टेही.

वाकळ | २२ जुलै, सकाळी ७.३०

तीस ओळी कमी आहेत ना? बारावा रंग आणू नका. आत घालायला जुन्या साड्या जमवल्यातच. त्यातली जी जरा धट्टीकट्टी असेल ती घ्या, काठ सोडा, खाच मारा.

सुईदोरा | ६ ऑगस्ट, दुपारी ४.२०

पहिल्या पाच गोधड्यांचे वरचे थर जोडून झाले. जोड नसल्यामुळे शिलाईयंत्र थांबतच नाही, एका दुपारी एक थर होतो. कडा सपाट आहेत, लाटा नाहीत.

प्रत्येकीत एक ओळ फाडलेल्या साडीची आहे, सहा गोधड्यांत दोन-दोन असतील. माझ्या सासूबाईंचं जांभळं इरकल होतं, मऊ पडलेलं पण विरलेलं नव्हतं. खाच मारून ओढलं तर शेवटपर्यंत एका दोऱ्यात गेलं. कडेचं ओढलं जाणारं धरून पावणेतीन इंच फाडतेय, मग शिवणीत बरोबर बसतं. नव्या पट्टीपेक्षा ती जरा जास्त सैल वाटते, म्हणून शिवताना यंत्राच्या दातांकडे, म्हणजे खालच्या बाजूला ठेवते.

पर्यटनवाले काल पहिली बघून गेले. जांभळ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे कापड कुठल्या दुकानातलं, अजून मिळेल का.

वाकळ | ६ ऑगस्ट, दुपारी ४.३१

काय सांगितलंत?

सुईदोरा | ६ ऑगस्ट, दुपारी ४.४०

सांगितलं, एकच लुगडं आहे. तीस ओळींना पुरेल, एकतिसावी मागू नका.

फोटो रात्री टाकते, वीज गेलीये.